छिन्नमनस्कता आणि घरचा जमाखर्च

आपल्या घरांतून जमाखर्चाची वही लिहिण्याची चाल जुनी आहे. मुंजीस किती लागले, लग्नांत किती गेले, परगांवीं शिकणाऱ्या मुलास दरमहा किती पाठवावे लागतात, याचा हिशेब घरांतील कोणी ना कोणी ठेवीत असतोच. आजारपणाचाही हिशेब राहतो. मधुमेह, हृदयविकार, शस्त्रक्रिया यांचीं बिलें जपून ठेवलीं जातात आणि आल्यागेल्यास सांगितलींही जातात. परंतु एक आजार असा आहे कीं, त्याच्या खर्चास वहींत सदरच नसतें. तो ‘किरकोळ’ या नांवाखालीं कोठें तरी दडविला जातो, आणि ज्या माणसापायीं तो होतो त्याचें नांवही पाहुण्यांसमोर घेतलें जात नाहीं. तो आजार म्हणजे छिन्नमनस्कता. डॉक्टर लोक ज्यास स्किझोफ्रेनिया म्हणतात तो.

हा आजार घरांत शिरला म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींत एक प्रश्न हलक्या आवाजांत निघतो : “आतां ह्याला ठेवायचें कोठें, आणि लागेल किती?” हा प्रश्न निष्ठुर आहे असें कोणीं समजूं नये. ज्या घरांत मिळविते दोन आणि खाणारे आठ, त्या घरास तो विचारावाच लागतो. दोष आहे तो उत्तर काढण्याच्या रीतींत. खाटेचें रोजचें भाडें किती, एवढ्यावरून आपण स्वस्तमहाग ठरवितों. आणि या रोगाचा खरा खर्च तर खाटेबाहेर होत असतो. निरनिराळ्या ठिकाणीं या रोगाचा उपचार काय पडतो आणि त्याच्या मोबदल्यांत काय हातीं लागतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

रोग आणि त्याचें वय

प्रथम रोगाविषयीं थोडें. छिन्नमनस्कता म्हणजे एका देहांत दोन माणसें, ही चित्रपटांनीं पसरविलेली समजूत अगदीं निराधार आहे. या रोगांत विचारांची परस्परांशीं असलेली सांगड सुटते. कोणी बोलत नसतां आवाज ऐकूं येतात, हे भास. शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, अन्नांत कांहीं कालविलें आहे, अशा समजुती मनांत घट्ट बसतात आणि कोणत्याही पुराव्यानें हालत नाहींत, हे भ्रम. आणि पुढें पुढें बोलणें, स्नान, काम, माणसें या सर्वांवरचें मन उडतें. या तिसऱ्या प्रकारास घरचीं माणसें बहुधा आळस म्हणतात, आणि रोग्यास त्याबद्दल बोल लावितात. १९०८ सालीं झूरिक येथील यूजेन ब्लॉयलर यांनीं या रोगास त्याचें आजचें नांव दिलें.

बहुतेकांस तो पंधरा ते पस्तीस या वयांत गांठतो, आणि खर्चाच्या दृष्टीनें ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. शिक्षणावर सारें घालून झालेलें असतें, आणि मिळकतीस नुकताच आरंभ झालेला असतो किंवा व्हावयाचा असतो. पेरणी झाली, पीक हाताशीं आलें आणि गारपीट झाली, तसा हा प्रकार. शिवाय रोग दीर्घकाळ चालणारा. त्यामुळें एका महिन्याचें बिल किती, यापेक्षां पुढच्या वीस वर्षांत काय होणार, हा प्रश्न मोठा ठरतो.

असे रोगी किती आहेत? बंगळूरच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता; परंतु आपल्या शेजारचीं मध्यप्रदेश, छत्तीसगड आणि गुजराथ हीं राज्यें होतीं. त्या पाहणींत छिन्नमनस्कता व तत्सम विकारांनीं त्या वेळीं ग्रस्त असलेल्या प्रौढांचें प्रमाण हजारीं सुमारें ४ आढळलें, आणि अशा चार रोग्यांपैकीं सुमारें तिघे उपचारावांचून होते. हें प्रमाण नागपुरास लावून पाहूं. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती २४ लाख भरली. त्यांत प्रौढ सोळा लाखांच्या आसपास धरले, तर एकट्या नागपूर शहरांत असे रोगी सहा हजारांच्या वर निघतात. हा अंदाज ढोबळ आहे. पण पुढील विचारास तेवढा पुरे.

नागपूरचें जुनें इस्पितळ

नागपुरांत ‘पागलखाना चौक’ एवढें सांगितलें कीं, रिक्षावाल्यास अधिक कांहीं सांगावें लागत नाहीं. त्या चौकास ज्याच्यामुळें हें नांव पडलें तें मनोरुग्णालय १८६४ सालचें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतर तीनच वर्षांनीं तें उभें राहिलें. ठाणें, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर हीं राज्यांतील चार जुनीं प्रादेशिक मनोरुग्णालयें. त्यांपैकीं नागपूरच्या इस्पितळांत मंजूर खाटा ९४०. साऱ्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून येथें रोगी येतात, आणि तेही केवळ याच रोगाचे नव्हेत. आतां वरचा सहा हजारांचा आंकडा आठवावा. ‘इस्पितळांत ठेवून देणें’ हें सर्वांकरितां उत्तर होऊंच शकत नाहीं, हें साध्या गणितानें दिसतें.

हें इस्पितळ बांधलें गेलें त्या काळीं रोगावर औषध नव्हतें. उंच भिंती, कुलुपें आणि वेळचें जेवण हाच उपचार होता, आणि आंत गेलेला माणूस बहुधा आंतच म्हातारा होई. १९४६ सालीं भोर समितीनें आपला अहवाल दिला, तेव्हां अखंड हिंदुस्थानांत मनोरोग्यांकरितां दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या. म्हणजे ४०,००० लोकांमागें एक. इंग्लंडांत हेंच प्रमाण सुमारें ३०० लोकांमागें एक असें होतें. त्या काळच्या विचारवंतांस खाटा वाढविणें हाच मार्ग दिसावा, यांत नवल नाहीं.

परंतु १९५२ सालीं पॅरिस येथें क्लोरप्रोमाझीन या औषधाचा उपयोग या रोगावर झाला, आणि खाटेचें प्रयोजनच बदललें. भास आणि भ्रम कांहीं आठवड्यांत ओसरूं लागले. जी खाट जन्माची होती ती कांहीं आठवड्यांची झाली. दुर्दैव एवढेंच कीं, औषध बदललें तरी लोकांच्या मनांतील हिशेब बदलला नाहीं. ‘तेथें टाकला कीं सुटलों’ अशी भाषा सुशिक्षित घरांतूनही अजून ऐकूं येते.

हिशेब मांडावा कसा?

या रोगाचा खर्च तीन सदरांखालीं मांडला पाहिजे. पहिलें सदर रोकड खर्चाचें : डॉक्टर, औषध, खाट, जाण्यायेण्याचें भाडें. दुसरें सदर बुडालेल्या मिळकतीचें : रोग्याची गेलेली नोकरी, बापाच्या बिनपगारी रजा, आईनें किंवा वहिनीनें सोडलेलें काम. तिसरें सदर रोग उलटण्याचें, कारण प्रत्येक वेळीं तो उलटला म्हणजे पहिलीं दोन सदरें नव्यानें भरावीं लागतात.

यांपैकीं पहिलें सदर आपण पाहतों. दुसरें त्याहून मोठें असतें. चंदीगड येथील डॉक्टरांनीं बाह्यरुग्ण विभागांत येणाऱ्या ५० छिन्नमनस्क रोग्यांच्या खर्चाचा अभ्यास करून तो २००५ सालीं प्रसिद्ध केला. त्या वेळच्या किंमतींप्रमाणें दर रोग्यामागें वर्षाचा एकूण खर्च १३,६८७ रुपये आला. यांतील सुमारें ६३ टक्के हिस्सा बुडालेल्या श्रमाचा आणि मिळकतीचा होता. म्हणजे डॉक्टर आणि औषध यांवर जेवढें गेलें त्याच्या दीडपटीहून अधिक नुकसान कोणत्याही पावतीवर चढलें नाहीं. भार बहुतांशीं कुटुंबानेंच सोसला.

हा पावतीवर न चढणारा खर्च घरांत कोण भरतें, हेंही स्पष्ट बोललें पाहिजे. तो बहुधा घरांतील बाई भरते. रात्रीं उठून रोग्यास निजविणें, त्यास गोळी दिली कीं नाहीं पाहणें, त्याच्या शिव्या ऐकून घेणें, त्याच्यापायीं माहेरीं न जाणें, या कशाचीही किंमत कोणी लावीत नाहीं. ‘घरींच ठेवलें आहे, खर्च कांहीं नाहीं’ असें जेव्हां घरचे पुरुष सांगतात, तेव्हां त्याचा अर्थ इतकाच कीं, खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडत आहे.

चार ठिकाणें

आतां निरनिराळ्या ठिकाणांचा विचार करूं.

पहिलें ठिकाण सरकारी मनोरुग्णालय. येथें कुटुंबास खर्च सर्वांत कमी लागतो. ज्यास आवरणें घरीं वा साध्या इस्पितळांत अशक्य झालें आहे, ज्याचा रोग साध्या औषधांस दाद देत नाहीं, ज्यास कोणी उरलेलें नाहीं, अशा रोग्यांकरितां या संस्थेस पर्याय नाहीं. परंतु येथें मुक्काम लांबला म्हणजे स्वस्ताई संपते. गेल्या दशकाच्या अखेरीस देशांतील ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली. तेथील सुमारें ३६ टक्के रोगी एक वर्षाहून अधिक काळ आंत राहिलेले आढळले. त्यांतील कित्येकांस औषधाची गरज होती, खाटेची नव्हती. खाट अडली होती ती न्यावयास कोणी न आल्यामुळें. अशा एका खाटेवर वर्षभरांत दहाबारा तीव्र रोगी बरे होऊन गेले असते, आणि हा तोटा सरकारच्या नांवावर पडत असला तरी भरतात तो आपणच. शिवाय वर्षानुवर्षें आंत राहिलेला माणूस बाजारहाट, स्वयंपाक, पैशांचा व्यवहार विसरतो. त्यास पुन्हां घरांत रुजविणें दुप्पट कठीण होतें. ही अडचण ओळखूनच २०१६ सालीं टाटा न्यास आणि महाराष्ट्र शासन यांनीं नागपूरच्या या इस्पितळाच्या सुधारणेकरितां ‘उडान’ हा उपक्रम हातीं घेतला, आणि जिल्ह्यांतील उपचारकेंद्रें सुधारणें हेंही त्याच्या कार्यांत धरलें.

दुसरें ठिकाण सर्वसाधारण इस्पितळांतील मनोविकार विभाग. ही कल्पना आपल्या देशांत नवी नाहीं. १९३३ सालीं कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनीं असा विभाग काढला, आणि १९३८ सालीं मुंबईस जे. जे. इस्पितळांत तो निघाला. नागपुरांत १९४७ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्यास नागपूरकर नुसतें ‘मेडिकल’ म्हणतात, तसेंच मेयो इस्पितळ आणि अलीकडील एम्स या तिन्ही ठिकाणीं ही सोय आहे. येथें मुक्काम आठवड्यांचा असतो आणि घरचें माणूस सोबत राहूं शकतें. त्याच इमारतींत कोणी दम्याकरितां आलेला असतो, कोणी मोडलेल्या हाताकरितां. ‘मेडिकलला नेलें होतें’ असें सांगतांना कोणाची जीभ अडखळत नाहीं. हा लाभ रुपयांत मोजतां येत नाहीं, पण त्याचा परिणाम रुपयांत दिसतो. लाज कमी झाली कीं रोगी लवकर येतो, आणि लवकर आलेल्याचा उपचार सोपा पडतो.

सोबत राहणाऱ्या नातलगाचें महत्त्वही आपल्याच देशांतील डॉक्टरांनीं लवकर ओळखलें. १९५० नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख विद्यासागर यांनीं आवारांत तंबू ठोकून रोग्यांसोबत त्यांच्या कुटुंबांस राहविलें, आणि रोग्याची शुश्रूषा कशी करावी हें त्यांस तेथेंच शिकविलें. शिकून गेलेलें कुटुंब हें इस्पितळाबाहेरचें फुकटचें इस्पितळच होय.

तिसरें ठिकाण खासगी शुश्रूषालय. येथें खाट लवकर मिळते, डॉक्टर भेटतो आणि गुप्तता राहते. ज्यास परवडतें त्यानें जावें. त्यांत गैर कांहीं नाहीं. धोका एवढाच कीं, दागिने मोडून पहिल्याच मुक्कामांत सारी पुंजी संपविली, तर पुढील वर्षांच्या औषधास कांहीं उरत नाहीं. या रोगांत पहिला महिना हा प्रवासाचा पहिला टप्पा असतो. सगळी शिदोरी त्याच टप्प्यावर खाऊन टाकणारा प्रवासी शहाणा म्हणतां येत नाहीं.

चौथें ठिकाण म्हणजे घर. परंतु नुसतें घर नव्हे, तर नियमित बाह्यरुग्ण उपचार आणि शिकलेल्या परिचारिकेची देखरेख असलेलें घर. याविषयीं बंगळूर येथें शैला पै आणि आर. एल. कपूर यांनीं केलेला प्रयोग १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. सारख्या प्रकृतीच्या रोग्यांचे २७-२७ असे दोन गट त्यांनीं घेतले. एका गटास इस्पितळांत ठेवलें. दुसऱ्या गटाच्या घरीं परिचारिका जात असे. सहा महिन्यांनीं पाहतां घरीं उपचार झालेल्यांची प्रकृति अधिक चांगली आढळली, त्यांचें वागणेंबोलणें अधिक सुधारलें, घरच्या माणसांवरील भार पुष्कळ हलका झाला, आणि खर्चही कमी आला. बंगळूरजवळच्या आठ खेडेगांवांतील १०० अनुपचारित रोग्यांवर पुढें झालेल्या आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतही असेंच दिसलें. औषधाचा खर्च वाढला. पण देवऋषी आणि वैदूंकडील फेऱ्या कमी झाल्या, आणि घरच्यांचा सेवेंत जाणारा वेळ वांचला.

तथापि घरचा उपचार सर्वत्र आणि नेहमीं स्वस्त पडतो असें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रयोग आपल्याकडे सातारा येथें, तसाच गोमंतकांत आणि तामिळनाडूच्या ग्रामीण भागांत झाला. त्यांत २८२ रोगी होते. कांहींस नेहमींचे इस्पितळी उपचार मिळाले, आणि इतरांस त्यांखेरीज गांवांतील प्रशिक्षित कार्यकर्त्यांची घरपोंच मदतही मिळाली. वर्षाअखेर मदत मिळालेल्यांचीं लक्षणें आणि असमर्थता कांहींशी कमी दिसली. परंतु फरक बेताचा होता, तो मुख्यतः तामिळनाडूंत स्पष्ट होता, आणि खर्च वाढला होता. माणूस घरोघर पाठवावयाचा म्हणजे त्यास वेतन द्यावें लागतें, हें विसरून चालत नाहीं.

मग निष्कर्ष काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं २००८ सालीं निरनिराळ्या देशांचे आंकडे घेऊन हाच हिशेब मांडला. रुपयामागें निरोगी आयुष्याचे किती दिवस परत मिळतात, हें त्यांचें माप होतें. जुनीं, स्वस्त औषधें, त्यांच्या जोडीस रोग्याशीं व कुटुंबाशीं समजुतीचें बोलणें, आणि हें सारें मोठ्या वेड्यांच्या इस्पितळांतून न देतां वस्तीजवळच्या केंद्रांतून देणें, हा मार्ग त्यांस सर्वांत किफायतीचा आढळला. इस्पितळ लागेल तेव्हां वापरावें, लवकर सोडावें, आणि औषध सोडूं नये, असें याचें सार घरगुती भाषेंत सांगतां येईल.

अर्ध्यावर टाकलेल्या गोळीची किंमत

यांतील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. रोगी बरा दिसूं लागला कीं घरांत कोणी तरी म्हणतें, “आतां कशाला ते विष पोटांत घालायचें?” २०१२ सालीं अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यांत आले. औषध चालू ठेवलेल्यांपैकीं वर्षभरांत सुमारें २७ टक्क्यांचा रोग उलटला, आणि औषधाऐवजीं नुसती पोकळ गोळी दिलेल्यांपैकीं सुमारें ६४ टक्क्यांचा.

याचें रुपयांत रूपांतर करून पाहूं. आंकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, दरमहा २५,००० रुपये मिळविणारा एक तरुण बरा होऊन घरीं आला आणि चार महिन्यांनीं त्याची गोळी बंद केली. रोग उलटला. तीन आठवडे खासगी खाट, रोज ३,००० प्रमाणें ६३,०००. नोकरी सुटली, सहा महिन्यांचें वेतन १,५०,०००. त्याच्यापाशीं कोणी तरी असावें म्हणून वहिनीनें शिकवणीचे वर्ग बंद केले. दरमहा ८,००० प्रमाणें सहा महिन्यांचे ४८,०००. एकूण २,६१,०००. आतां दुसरी बाजू. औषध आणि जाणेंयेणें मिळून कुटुंबास दरमहा हजार ते दीड हजार रुपये लागतात, असें वर सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणींत आढळलें होतें. आपण वरची रक्कम धरूं. वर्षाचे १८,००० होतात. म्हणजे एकदां रोग उलटण्याची किंमत साडेचौदा वर्षांच्या औषधाएवढी झाली. इतका तेजीचा व्यापार दुसरा कोणताही नसेल, आणि तरीही कित्येक घरें दरमहा दीड हजार वांचविल्याचें समाधान मानतात.

या औषधांचे त्रास असतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. अंग जड होणें, वजन वाढणें, हात कांपणें हे त्रास रोग्यास खरोखर होतात. त्यांवर उपाय म्हणजे डॉक्टरांस सांगून मात्रा किंवा औषध बदलून घेणें. ज्यास रोज गोळी घेणें जमत नाहीं त्याकरितां महिन्यापंधरा दिवसांनीं टोंचावयाचें औषधही मिळतें. गुपचूप गोळी बंद करणें, हा मात्र उपाय नव्हे.

एकत्र कुटुंबाचा वांटा

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनें नऊ देशांत या रोगाचा अभ्यास आरंभिला. आपल्याकडील केंद्र आग्रा येथें होतें. श्रीमंत देशांतील रोग्यांपेक्षां आपल्यासारख्या देशांतील रोगी अधिक बरे होतात, असें त्या वेळीं आढळलें. पुढें या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला, तरी कुटुंबाचा आधार हें त्याचें एक कारण असावें असें अनेक विद्वानांस वाटतें. लंडनच्या संशोधकांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, ज्या घरांत रोग्यास सतत टोंचून बोललें जातें किंवा त्याच्याभोंवतीं अवाजवी काळजीचा वेढा असतो, त्या घरांत रोग लवकर उलटतो. हेंच माप घेऊन १९८७ सालीं चंदीगडच्या कुटुंबांविषयीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यांत असें टोंचरें वातावरण लंडनपेक्षां पुष्कळ कमी आढळलें. मोठ्या घरांत एकाच्या रागावर दुसऱ्याच्या मायेची फुंकर मिळते. शिवाय मोठ्या घरांत रोग्यास हलकें काम देतां येतें : भाजी आणणें, देवाचीं फुलें काढणें, लहानांस शाळेंत पोंचविणें. काम हेंही औषधच आहे, आणि त्याचें बिल येत नाहीं.

परंतु याच घराचे दोन दोष फार महाग पडतात. पहिला लपविण्याचा. धाकटीचें लग्न व्हावयाचें आहे, तोंवर कोणास कळूं नये, म्हणून दोन वर्षें घालविलीं जातात. आणि उपचारावांचून गेलेला काळ जितका लांब, तितकें बरें होणें कठीण. दुसरा दोष म्हणजे लग्न हेंच औषध समजण्याचा. “दोहोंचे चार हात झाले कीं ताळ्यावर येईल” म्हणून रोग न सांगतां मुलाचें किंवा मुलीचें लग्न करून देणें, हें एका घराचें कर्ज दुसऱ्या घराच्या नांवावर चढविण्यासारखें आहे. त्यांत परक्याच्या लेकराची फसवणूक होते, आणि नव्या संसाराच्या ताणानें रोग बहुधा बळावतोच. बरे झालेले, औषध घेत असलेले रोगी विवाह करतात आणि संसारही करतात. पण दोन्ही बाजूंस सर्व ठाऊक असलें पाहिजे, ही अट आहे.

कायदा काय देतो?

१९१२ च्या जुन्या कायद्यांत रोग्यास कोंडण्याचा विचार अधिक होता. १९८७ चा कायदा त्याच्या जागीं आला, आणि आतां २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. घरच्या हिशेबास उपयोगी अशा त्यांतील कांहीं गोष्टी प्रत्येक कुटुंबानें लक्षांत ठेवाव्या. सरकारी खर्चानें चालणाऱ्या संस्थांत मानसिक उपचार मिळणें हा हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालील व निराधार रोग्यांस ते विनामूल्य मिळावयाचे आहेत. आवश्यक औषधांच्या यादींतील मनोविकारावरचीं औषधें सरकारी आरोग्यसंस्थांत फुकट मिळावीं असें कायदा सांगतो. रोग्यास त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल केलें, तर एका वेळीं ३० दिवसांहून अधिक ठेवण्यास पुन्हां स्वतंत्र तपासणी लागते. तेव्हां ‘टाकून देण्यास’ कायद्यांत जागा राहिलेली नाहीं. घर नाहीं किंवा घरचे नेत नाहींत, एवढ्याच कारणासाठीं कोणास इस्पितळांत ठेवूं नये, असेंही त्यांत स्पष्ट आहे. आणि शरीराच्या आजारास जसा विमा मिळतो तसाच मनाच्या आजारासही द्यावा, असें बंधन विमा कंपन्यांवर घातलें आहे. विमा नियामकानेंही ऑगस्ट २०१८ मध्यें तसा आदेश दिला. ज्यांच्या घरीं आरोग्यविमा आहे त्यांनीं आपला करारनामा या दृष्टीनें एकदां वाचून पाहावा. कोठें जावें हेंच सुचत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी दूरध्वनिसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

वहींतलें नवें सदर

ज्या घरांत हा आजार आहे त्या घरानें आपल्या वहींत एक नवें सदर उघडावें आणि त्यावर रोग्याचें नांव उघडपणें लिहावें. औषध आणि जाणेंयेणें यांकरितां दरमहाची रक्कम किराण्याबरोबरच बाजूस काढावी. अचानक दाखल करण्याची वेळ आली तर कोठें न्यावयाचें, सोबत कोण राहावयाचें, हें शांत दिवसांतच ठरवून ठेवावें, आणि तें ठरवितांना रोग्याचेंही मत घ्यावें. कारण बरा असतांना त्यास सर्व समजतें. शेवटीं, रोग्याचें करणाऱ्या व्यक्तीस आठवड्यांतून एक दिवस तरी मोकळा मिळेल अशी पाळी घरांतील सर्वांनीं, पुरुषांनींही, वांटून घ्यावी. या शेवटच्या कलमास एक पैही लागत नाहीं, आणि बहुतेक घरांत याच कलमावर सारी व्यवस्था कोसळते.

मनोरुग्णालय, मेडिकलचा विभाग, खासगी शुश्रूषालय यांपैकीं कोणतें स्वस्त, या प्रश्नाचें उत्तर रोग्याच्या त्या त्या वेळच्या अवस्थेप्रमाणें बदलेल. न बदलणारी गोष्ट एकच : खाट कोठलीही असो, बरा होऊन परत येणाऱ्या माणसाकरितां घरांत पान मांडलेलें असेल, तरच त्या खाटेवर खर्चिलेला पैसा सार्थकीं लागतो.